पीसीओएस आणि वजनाचे औषध: मेटफॉर्मिनची दोन वर्षे, टिर्झेपाटाइडचे बेचाळीस शनिवार

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशये आणि संप्रेरके यांचा विकार) असताना वजन कमी करण्याचे औषध घ्यावे का, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला नात्यातल्या, ओळखीतल्या आणि बँकेतल्या इतक्या जणींनी विचारला की प्रत्येकीला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावे असे वाटले. मी नाशिकला राहते, वय चौतीस, उंची १५८ सेंटिमीटर. जानेवारी २०२३ पासून मेटफॉर्मिन आणि ७ जून २०२५ ते २१ मार्च २०२६ या काळात दर शनिवारी टिर्झेपाटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन, अशी दोन औषधे मी घेतली. मी डॉक्टर नाही. पण दोन्ही औषधांच्या काळातील वजन, पाळीच्या तारखा आणि तपासण्यांचे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत, आणि हे परीक्षण त्या वहीवरून लिहीत आहे.

आधी आजाराबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण तो कळल्याशिवाय औषधाची पारख करता येत नाही. आपल्याकडे सर्रास ‘पीसीओडी’ म्हटले जाते आणि सोनोग्राफीचा कागद दाखवून ‘अंडाशयात गाठी आहेत’ असे सांगितले जाते. त्या गाठी नसतात. पूर्ण वाढ न झालेली स्त्रीबीजे असलेल्या त्या बारीक पिशव्या असतात. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार अनियमित किंवा लांबणारी पाळी, पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण किंवा त्याची लक्षणे, आणि सोनोग्राफीतील अशी अंडाशये, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील आणि तशीच लक्षणे देणारे दुसरे आजार नाहीत याची खात्री झाली असेल, तर पीसीओएसचे निदान होते. म्हणजे सोनोग्राफी निर्दोष असूनही हा आजार असू शकतो, आणि नुसत्या सोनोग्राफीवरून तो ठरवताही येत नाही.

माझ्या बाबतीत या आजाराची पहिली खूण पोटात नव्हे, मानेवर दिसली होती. मी नववीत असताना मानेच्या मागे एक काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा उठला. दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगस्नानाला आईने तो मळ समजून उटण्याने आणि मग लिंबाच्या सालीने इतका घासला की कातडी सोलवटून लाल झाली, पण पट्टा तसाच राहिला. आईचा त्यात काहीच दोष नव्हता. रक्तात इन्सुलिन वाजवीपेक्षा जास्त झाल्याची ती खूण असते, हे तिला किंवा मला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे एकविसाव्या वर्षी पाळी तीन-तीन महिने येईना तेव्हा ज्या दवाखान्यात गेलो, तिथे ‘वजन कमी करा, लग्न झाले की सगळे सुरळीत होईल’ एवढाच सल्ला मिळाला. त्या वाक्यामुळे माझी सात वर्षे वाया गेली, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवते.

पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींमध्ये शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक तयार करते. हे जादा इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते आणि त्याच वेळी त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृताकडून कमी तयार होते. मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढले की हनुवटीवर राठ केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. पोटावरची चरबी इन्सुलिनची ही अडचण आणखी वाढवते आणि वाढलेले इन्सुलिन चरबी साठवण्यास मदत करते. हे चक्र कुठेतरी तोडायचे, एवढ्यापुरता वजनाच्या औषधाचा इथे संबंध आहे. वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली तरी अनेक जणींची पाळी सुधारते, हे या आजारात फार पूर्वीपासून दिसून आलेले आहे.

‘पण तू काही एवढी जाड नाहीस’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. त्यासाठी पुण्यातच झालेल्या कामाचा दाखला द्यावासा वाटतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एकत्र छायाचित्र छापले होते. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी यूडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार अशी आपली शरीरे असल्यामुळेच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात आणि स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. माझा बीएमआय औषध सुरू करताना ३४ होता, त्यामुळे माझ्याबाबत शंकेला जागा नव्हती. मात्र पीसीओएस असलेल्या काही जणी खरोखरच बारीक असतात, आणि हे परीक्षण त्यांच्यासाठी नाही. त्यांनी वजनाच्या औषधाच्या वाटेला जाऊ नये.

आता मेटफॉर्मिन. हे मधुमेहाचे जुने औषध. फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ साली ते प्रथम रुग्णांसाठी वापरले, आणि त्याची मुळे युरोपातील एका जंगली शेंगवर्गीय वनस्पतीपर्यंत जातात. भारतात अनेक कंपन्या ते बनवतात आणि ते स्वस्त आहे. माझा महिन्याचा खर्च दोनशे रुपयांच्या आत राहिला. पीसीओएसमध्ये ते देण्याची पद्धत रूढ आहे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही बीएमआय २५ किंवा अधिक असलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी त्याचा विचार करावा असे म्हटले आहे. मला रोज ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दोन महिन्यांत १५०० पर्यंत नेले. पहिले तीन आठवडे पोट बिघडलेले होते. सकाळी बँकेत निघायच्या वेळी दोन-दोनदा शौचाला जावे लागे आणि तोंडाला सतत धातूसारखी चव असे. साधी गोळी बदलून हळूहळू विरघळणारी गोळी दिली आणि ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली, तेव्हा हा त्रास बहुतेक थांबला. त्यामुळे कोणी मेटफॉर्मिन ‘सोसत नाही’ म्हणून पहिल्याच पंधरवड्यात सोडत असेल, तर तिने आधी हा बदल डॉक्टरांकडे मागून पाहावा.

दोन वर्षांत मेटफॉर्मिनने मला काय दिले? पाळी जी ऐंशी-नव्वद दिवसांनी येई ती पन्नास-पंचावन्न दिवसांवर आली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) ६.१ वरून ५.८ वर आला. वजन ८८ वरून ८६ किलोवर आले, म्हणजे दोन वर्षांत दोन किलो. वजन घटवण्याचे औषध म्हणून पाहिले तर ही कामगिरी किरकोळ आहे, आणि ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ ‘याने वजन उतरेल’ असे सांगून ते लिहून देतात त्या रुग्णाची अपेक्षा उगाच वाढवतात. पण माझे वजन त्याआधीच्या प्रत्येक वर्षी दोन-तीन किलोंनी चढत होते, ते या दोन वर्षांत चढले नाही. एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष झाले. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि आपल्या शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा तपासणी झाली आणि बी-१२ बरेच खाली गेलेले निघाले. ही तपासणी वर्षातून एकदा मागून करून घ्यावी.

मध्यंतरी ऑर्लिस्टॅट हे औषधही सुचवले गेले होते. ते आतड्यात चरबी पचवणाऱ्या विकराला अडवते आणि जेवणातील सुमारे तीस टक्के चरबी न शोषता बाहेर टाकते. ती बाहेर पडताना तेलकट, आवरता न येणारे शौच होते. दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या बाईला हे शक्य नाही, म्हणून मी ते घेतले नाही. इनोसिटॉल या पूरकाच्या पुड्या सहा महिने घेतल्या. त्रास काही झाला नाही, वजनात फरकही पडला नाही, आणि त्यांच्याबाबतचा पुरावा तोकडा असल्याचे त्याच मार्गदर्शक सूचना सांगतात.

२०२५ च्या मे महिन्यात नाशिकमधील एका एंडोक्रायनॉलॉजिस्टांकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञांकडे, गेले. अर्ध्या तासाच्या भेटीत त्यांनी माझ्या मानेकडे पाहिले, कमरेचा घेर टेपने मोजला आणि घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग, पित्ताशयात खडे किंवा स्वादुपिंडाला सूज झाली होती का, हे विचारले. हे प्रश्न औपचारिकता म्हणून विचारायचे नसतात. थायरॉइडच्या मेड्युलरी नावाच्या कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असेल तर ही इंजेक्शने द्यायची नाहीत, असा स्पष्ट इशारा त्यांच्या माहितीपत्रकात असतो. जिमचा प्रशिक्षक किंवा मोबाइलवरून इंजेक्शनचे पेन विकणारा कोणी तुम्हाला हे प्रश्न विचारणार नाही. चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये असे मी आग्रहाने सांगते ते एवढ्याचसाठी.

आतड्यातून जेवणानंतर जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक स्रवते. ते मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि साखर वाढलेली असेल तेव्हा इन्सुलिन सोडायला लावते. सेमाग्लुटाइड हे त्याची नक्कल करते. टिर्झेपाटाइड जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले, तर औषध नसलेल्या गटात २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या २०२२ मधील चाचणीत ७२ आठवड्यांत ५ मिलिग्रॅमच्या मात्रेवर १५ टक्के आणि १५ मिलिग्रॅमच्या मात्रेवर २०.९ टक्के घट झाली, आणि तीत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. मात्र या चाचण्या स्थूलतेच्या होत्या, पीसीओएसच्या नव्हेत. यांतील कोणत्याही औषधाला ‘पीसीओएसवरील औषध’ अशी मान्यता नाही. डॉक्टर ते स्थूलतेसाठी किंवा मधुमेहासाठी देतात आणि पीसीओएसला त्याचा लाभ मिळतो. नेमका पीसीओएस असलेल्या स्थूल स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांपैकी एक याच कुळातील जुन्या लिराग्लुटाइडचा. अमेरिकेत झालेल्या त्या ३२ आठवड्यांच्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी ५७ टक्के स्त्रियांचे वजन पाच टक्के किंवा त्याहून अधिक घटले, नुसते द्रव टोचलेल्यांपैकी २२ टक्क्यांचे, आणि पुरुषी संप्रेरकांचा निर्देशांकही औषधाच्या गटात खाली आला. माझ्या डॉक्टरांनी हा फरक मला आधीच समजावून सांगितला, त्यामुळे मी चुकीची आशा बाळगून औषध सुरू केले नाही.

टिर्झेपाटाइड भारतात ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये आले. तेव्हा ते काचेच्या छोट्या कुपीत मिळे. २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये, आणि आठवड्याला एक कुपी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चार मात्रा असलेले पेन आले, पण मला कुपीची सवय होईपर्यंत बराच काळ गेला होता. सुरुवातीची एक अडचण सविस्तर सांगते, कारण ती कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. कुपीत अर्धा मिलिलिटर औषध असते. मेडिकलमध्ये ‘इन्सुलिनची सिरिंज’ मागितली की बहुतेक वेळा लाल टोपणाची सिरिंज हातात पडते. ती चाळीस एककांच्या इन्सुलिनसाठी असते, म्हणजे तिच्यावर ४० ची खूण म्हणजे एक मिलिलिटर. शंभर एककांच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची असते आणि तिच्यावर १०० ची खूण म्हणजे एक मिलिलिटर. डॉक्टरांकडच्या सिस्टरांनी मला ‘पन्नासच्या रेघेपर्यंत भरा’ असे शिकवले होते ते नारिंगी टोपणाच्या हिशेबाने. घरी येऊन पाहते तो पिशवीत लाल टोपणाच्या चार सिरिंजा, आणि त्यांच्यावर पन्नासची रेघच नाही. मी सिस्टरांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सिरिंजा बदलून आणल्या. कुपी वापरणार असाल तर टोपणाचा रंग पाहूनच पैसे द्या.

औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे आणि गोठू द्यायचे नाही. जूनच्या उकाड्यात दुकानातून घरी आणताना मी थर्मासच्या रुंद तोंडाच्या डब्यात बर्फाची पिशवी, तिच्यावर पंचाची घडी आणि घडीवर कुपीचे खोके अशी व्यवस्था केली. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून असलेली जागा टाळून भाजीच्या ट्रेच्या वर, सायीच्या भांड्याशेजारी त्याची जागा ठरली. शनिवारी सकाळी कुपी काढायची, अर्धा तास बाहेर ठेवायची, बेंबीपासून चार बोटे दूर कातडी चिमटीत धरून सुई घालायची. सुई केसासारखी बारीक असते. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटे ती हातात धरून बसले होते, आणि टोचल्यावर मात्र मुंगी चावल्याएवढेही जाणवले नाही.

पहिला बदल वजनात दिसला नाही, डोक्यात जाणवला. लहानपणापासून माझ्या मनात खाण्याचा विचार मागच्या खोलीत लावून ठेवलेल्या रेडिओसारखा चालू असे. दुपारचे जेवण संपता संपता चार वाजताच्या चहाबरोबर काय, रात्री उरलेली भाजी कोणती, कपाटात चिवड्याचा डबा भरलेला आहे की नाही. दुसऱ्या इंजेक्शननंतरच्या बुधवारी दुपारी चार वाजता सहकारी डबा उघडून समोर आली, तेव्हा मला कळले की तो विचार गेला दीड दिवस आलाच नव्हता. मी त्या दिवशी घरी येऊन रडले. पंधरा वर्षे मला जो ‘मनोनिग्रह नाही’ म्हणून ऐकवले गेले, तो निग्रह बाकीच्यांना करावाच लागत नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले. या औषधाने मला जे दिले त्यात मी हे सर्वांत वर ठेवते.

त्रासही झाला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. चार आठवड्यांनी मात्रा दुप्पट झाली तो शनिवार ५ जुलै होता आणि दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. जठर मंद चालत असताना तेलकट, जड खाऊ नये, हे मला सांगितलेले होते. तरी सकाळी नेहमीसारखी बशीभर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा कूट पेरलेली, आणि दुपारी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. रात्री नऊपासून करपट ढेकर सुरू झाले, कुजक्या अंड्यासारखा वास येणारे, आणि पहाटेपर्यंत चार वेळा उलटी. चूक माझी होती. त्यानंतर मी मात्रा वाढल्याच्या आठवड्यात मऊ मुगाची खिचडी, ताक, भाकरी आणि पालेभाजी यांवरच राहिले, घास लहान घेतले, आणि असा प्रसंग पुन्हा आला नाही. मळमळ पहिले दोन महिने इंजेक्शननंतरचे दोन दिवस असे. बद्धकोष्ठता शेवटपर्यंत राहिली, तिला रोज रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी लागले. चौथ्या-पाचव्या महिन्यात केस मूठभर गळू लागले. वजन झपाट्याने उतरताना असे होते आणि पुढे ते थांबते, तसे ते थांबलेही, पण पीसीओएसने आधीच विरळ झालेल्या केसांवर हा घाला फार जिव्हारी लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट स्नायूंची. भूक नसली की माणूस जेवण टाळतो, आणि मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शाकाहारी ताटात प्रथिने मुळात बेताची. अर्धी भाकरी आणि भाजी खाऊन माझे पोट भरत होते, म्हणून आहारतज्ज्ञांनी क्रम बदलायला लावला: ताटात आधी पनीर, उसळ, घट्ट वरण किंवा अंडे, मग भाकरी. आठवड्यातून तीन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम जोडला. मी तो पहिले दोन महिने केला नाही, आणि त्या काळात जिना चढताना मांड्या थरथरत, वजनकाटा मात्र खूश करत होता. नुसत्या काट्याकडे पाहून या औषधाला गुण देऊ नयेत असे मी म्हणते ते या अनुभवावरून.

बेचाळीस इंजेक्शनांनंतरचे आकडे असे आहेत. वजन ८६ वरून ७५ किलो, म्हणजे जवळपास १३ टक्के घट, तीही ५ मिलिग्रॅमच्या पुढे न जाता. कमर १०४ वरून ९२ सेंटिमीटर. सरासरी साखर ५.८ वरून ५.३. पाळी सप्टेंबरपासून ३२ ते ३६ दिवसांच्या अंतराने, सलग सात वेळा. मला आठवते तेव्हापासून असे कधी झालेले नव्हते. मानेवरचा पट्टा पुष्कळ फिकट झाला आहे आणि बोट फिरवले तर तिथली कातडी आता मऊ लागते. हनुवटीवरच्या केसांत मात्र फारसा फरक नाही. ते एकदा राठ झाले की वजन उतरल्याने मागे फिरत नाहीत, त्यासाठी लेझर किंवा संप्रेरकांवरची वेगळी औषधे लागतात. वजनाचे औषध घेतले की चेहराही स्वच्छ होईल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळे लिहायला बसले तो. पीसीओएस असलेल्या अनेक जणी ‘आपल्याला दिवस जात नाहीत’ असे गृहीत धरून वर्षानुवर्षे काळजी घेत नाहीत. वजन उतरू लागले की स्त्रीबीज पुन्हा बाहेर पडू लागते, कित्येकदा पाळी नियमित झाल्याचे लक्षात येण्याच्या आधीच. ही इंजेक्शने गरोदरपणात घ्यायची नसतात. शिवाय टिर्झेपाटाइडमुळे जठर मंदावते आणि तोंडाने घेतलेली गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच असे नाही, म्हणून औषध सुरू केल्यावर चार आठवडे आणि मात्रा वाढवल्यावर प्रत्येक वेळी पुढचे चार आठवडे निरोध किंवा दुसरे साधन वापरावे, असे माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही या कुळातील औषधे देताना गर्भनिरोधनाची खात्री करा असे सांगतात. पीसीओएसमध्ये पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत इतकी रूढ आहे की ही दोन औषधे एकाच बाईच्या पर्समध्ये सापडणे अगदी साहजिक आहे. तरीही माझ्या ओळखीच्या ज्या पाच जणी हे इंजेक्शन घेत आहेत, त्यांपैकी तिघींना हे कोणीही सांगितलेले नव्हते. एकीला अनपेक्षितपणे दिवस गेले आणि ते तीन आठवडे तिने आणि तिच्या घरच्यांनी ज्या धास्तीत काढले ते मी पाहिले आहे. विवाहित असो वा अविवाहित, डॉक्टर संकोचाने विचारत नसतील तर आपण विचारावे.

खर्चाबद्दल थोडक्यात. दहा महिन्यांत नुसत्या कुप्यांना सुमारे पावणेदोन लाख रुपये लागले, तपासण्या वेगळ्या. माझ्या विम्याने यातला एक रुपयाही दिला नाही. नवऱ्याने आणि मी घराच्या रंगकामासाठी ठेवलेले पैसे यात घातले. हे परवडणाऱ्यांचे औषध आहे, आणि ज्या आजाराने जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातील दहापैकी सुमारे एका स्त्रीला गाठले आहे त्याचे औषध असे असावे याचे मला दुःख वाटते. सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मार्च २०२६ मध्ये संपले, त्यामुळे भारतीय कंपन्यांना ते बनवता येते. आज सुरुवात करणारीने डॉक्टरांशी त्या पर्यायाची चर्चा आधी करावी. सेमाग्लुटाइडची गोळीही आहे, माझी मावसबहीण ती मधुमेहासाठी घेते. उठल्या उठल्या अर्धा कप पाण्याबरोबर गिळायची आणि निदान अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नाही, हा नियम तिला सुईपेक्षा कठीण जातो.

मूल हवे असल्याने मी २१ मार्चला, पाडव्यानंतरच्या शनिवारी, शेवटचे इंजेक्शन घेतले. टिर्झेपाटाइडचे शरीरातील प्रमाण साधारण पाच दिवसांनी निम्मे होते, म्हणून महिनाभरात ते जवळजवळ निघून जाते. सेमाग्लुटाइड जास्त काळ रेंगाळते आणि ते गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी किमान दोन महिने थांबवायला सांगतात. माझ्या डॉक्टरांनी मलाही दोन महिने थांबायला सांगितले आहे. मेटफॉर्मिन चालू आहे, बी-१२ च्या गोळीसह. पुढे गरज पडली तर स्त्रीबीज बाहेर पडावे म्हणून लेट्रोझोलची गोळी देऊ, असे ठरले आहे.

औषध थांबवल्यावर काय होते, हे कोणीच मोकळेपणाने सांगत नाही. टिर्झेपाटाइडच्याच एका चाचणीत ३६ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन घटवलेल्यांपैकी ज्यांचे औषध बंद केले, त्यांचे वजन पुढच्या वर्षभरात सरासरी १४ टक्क्यांनी पुन्हा वाढले. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढावा तसेच हे आहे, आणि सुरू करणारीने ‘सहा महिन्यांचा कोर्स’ अशी कल्पना करून घेऊ नये. माझ्या वहीत औषध थांबवल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्याच्या पानावर नोंद आहे: ‘रात्री दहा वाजता चिवडा आठवला.’ तेव्हापासून तो रोज आठवतो. आज आठव्या आठवड्यात वजन ७६.४ आहे, व्यायामाचे तीन दिवस मी सोडलेले नाहीत, ताटातला क्रमही बदललेला नाही, आणि पाळी या महिन्यात चौतिसाव्या दिवशी आली.